मधलं नाव

गाडी तालमीच्या दारात लावून मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. शेजारच्या सीटवर आबा, माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, मोतीबिंदू काढून तीन आठवडे झालेले, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मांडीवर घोंगडं. भर उन्हाळ्यात माणूस घोंगडं घेऊन का फिरतो, हे विचारायचं मी कधीच सोडून दिलंय. मेंढरांमागं फिरलेल्या घराण्यातली ती सवय आहे, ती काही मोतीबिंदूसारखी काढता येत नाही.

“आली न्हवं तालीम?” आबा म्हणाले.

“आली.”

“मग उतर की.”

उतरायला मला काय धाड भरली होती? भीती वाटत होती, दुसरं काय. माझ्या भावाची नात आर्या या तालमीत राहून कुस्ती शिकते. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या पुढं थोडी आडबाजूला आहे ही तालीम. भावाची कांदा काढणी चाललेली, म्हणून आबांना इथं आणायचं माझ्या गळ्यात पडलं. ‘चार म्हैनं डोळ्याम्होरं धुकं हुतं, आता पणतीची कुस्ती बघतो’ म्हणून त्यांनी धोशा लावला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की धुळीत जायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. पण मला धुळीची एवढी काळजी नव्हती. तालीम म्हटली की दहा तोंडं, आणि त्यातल्या एका तरी तोंडून तो शब्द निघणारच. तो या म्हाताऱ्या माणसाला माझ्या देखत ऐकावा लागणार, ही माझी भीती. शब्द म्हणजे त्यांचंच नाव, म्हस्कू.

तेवढ्यात आतून वाऱ्याबरोबर वास आला. लाल माती, त्यात मुरलेलं तेल, ताक, हळद, लिंबू आणि घाम. पन्नास वर्षांत हा वास मी घेतला नव्हता. घेतला नव्हता म्हणजे टाळला होता, खरं सांगायचं तर.

आमच्या भागात माणूस गाजला की त्याचा शब्द होतो. सिनेमातल्या एका नटाचं नाव आमच्याकडं कानावर आलेल्या केसांना होतं. न्हाव्यापुढं बसून पोरं नुसतं ते नाव घ्यायची, की कात्री आपोआप तशी चालायची. रेडिओवरच्या एका संथ फलंदाजाचं नाव चढाला दमणाऱ्या ट्रॅक्टरला पडलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत डिसोझा म्हणून एक इंजिन ड्रायव्हर होते. त्यांची गाडी आली की लोक मनगटावरची घड्याळं लावून घ्यायचे म्हणे. तेव्हापासून वेळेवर येईल ते सगळं डिसोझा. ‘आज दूधवाला अगदी डिसोझा आला बघा,’ असं अजून आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या माणसाला बघितलेलंही नाही. मरून गेल्यावरही रोज सकाळी कुणीतरी आपलं चांगलं बोलावं, याला नशीब लागतं. ते डिसोझांना मिळालं आणि आमच्या आबांना भलतंच मिळालं.

आबाही काही कमी गाजलेले नव्हते. राहूच्या अलीकडं, नदीकडेच्या मळ्यात आमची वस्ती. आजोबांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि थोरला पोरगा तालमीत घातला. मी पाच-सहा वर्षांची असेपर्यंत म्हस्कू पैलवान म्हटलं की शिरूर-दौंडात ओळख सांगावी लागत नव्हती. बाजारात लोक त्यांना हात लावून बघायचे. वस्तीवर त्यांच्यापुरता लाल मातीचा कुस्तीचा हौदा खणलेला होता. पहाटे त्यांच्या जोर काढण्याचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा, हं, हं, हं, आणि त्या तालावर मला पुन्हा झोप लागायची. अंगाला तेल लावून ते उन्हात बसले की आमची शेळीसुद्धा त्यांच्या दंडाला घासून जायची. खुराकाचे बदाम आई पाट्यावर वाटायची. वरवंट्याला राहिलेलं माझ्या बोटाला. त्या बदामाची चव पुढं मला कुठल्याच मिठाईत सापडली नाही, आणि मी काही कमी मिठाई खाल्लेली नाही.

मग ती जत्रा. मी चुलत्याच्या खांद्यावर होते. मला दिसलं त्यापेक्षा ऐकू आलं तेच जास्त आठवतं. हलगी अशी काही कडकडत होती की चुलत्याच्या खांद्यातून ती माझ्या मांड्यांना जाणवत होती. शेवटची कुस्ती, आणि तीही निकाली. म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंत थांबायचं नाही, सुटायचं नाही. समोर घोडकाठचा एक पैलवान. आबांनी त्याला खाली घेतलेला, त्याच्या मानेवर गुडघा, हात कमरेच्या पट्ट्यात. माणसं उभी राहिली. फेटे हातात आले, उडवायचेच बाकी होते. आणि एकाएकी हलगी थांबली. आबा गुडघा काढून उभे राहिले होते. कडेचं घोंगडं त्यांनी उचललं, अंगावर टाकलं आणि गर्दीतून वाट काढत ते निघाले. माणसं बाजूला होत गेली. मागं पंचांनी त्या दुसऱ्याचा हात वर केला.

त्या कुस्तीबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. लंगोट खुंटीला होता तो तिथंच विरला. मुद्गलांची जोडी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लागली. हौद्यात आईनं मेथी पेरली. तेल-ताक प्यालेली माती ती, मेथी काय आली म्हणून सांगू. दोन वर्षं आम्ही मेथीच खात होतो. पहाटेचा तो हं-हं थांबला, आणि मला मधेच जाग यायला लागली. मी उठून अंगणात यायचे, तर आबा बैलांना वैरण टाकत असायचे. माझ्याकडं बघून नुसते हसायचे.

आणि बाहेर शब्द झाला. विहिरीवरचं इंजिन दोन फटके मारून बंद पडलं, की म्हस्कू झालं. बैल नांगराच्या ऐन तासात बसला, म्हस्कू झाला. ठरलेलं लग्न मोडलं, नवऱ्याकडच्यांनी म्हस्कू केला. लोक वाईट होते अशातला भाग नाही. आमच्याच बांधावर बसून आमचीच भाकरी खात ते बोलताबोलता म्हणून जायचे आणि मग जीभ चावायचे. आबा म्हणायचे, “आसू द्या, आसू द्या. चटणी घ्या आजून.”

शाळेत माझं काय होत असेल, ते तुम्हीच बघा. आपल्याकडं पोरीच्या नावापुढं बापाचं नाव असतं. रोज सकाळी हजेरी, रोज ते मधलं नाव, आणि रोज मागच्या बाकावरून फिस्सकन हसू. मी ‘हजर’ इतक्या घाईनं म्हणायचे की गुरुजींनी नाव पुरं वाचायच्या आत माझा आवाज यायचा. सातवीत नगरकडच्या एक नवीन बाई आल्या. फळ्यावर गणित सोडवताना एक पोरगा मधेच अडला आणि जागेवर जाऊन बसला. कुणीतरी म्हणालं, “म्हस्कू झाला.” वर्ग हसला.

बाईंना कळेना. “म्हस्कू म्हणजे काय रे?”

सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं. आता यांनी काही सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं, असं माझ्या डोक्यात आलं. तेरा वर्षांच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बाई, म्हस्कू म्हणजे अर्ध्यात सोडून पळणारा.”

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी थांबल्या. मधलं नाव त्यांनी मनात वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढं फक्त आडनाव घेतलं. त्या वर्षभर त्यांनी माझी हजेरी तशीच घेतली. मला ते बरं वाटलं, हीच तर खरी लाजेची गोष्ट आहे.

बाईंना ते उत्तर दिलं त्या दिवसाचं आणखी एकच आठवतं. संध्याकाळी आबा गुऱ्हाळावरून आले ते गरम काकवीचा डबा घेऊन. सणवार काही नव्हता. त्यांनी मला चुलीपाशी बसवून भाकरीवर काकवी वाढली आणि मी चांगल्या तीन भाकऱ्या हाणल्या.

पुढं मी शिकले, पोस्टात लागले, दौंडचा नवरा केला. लग्नाच्या दिवशी बायका रडतात. मी रडले नाही, कारण मधलं नाव बदललं होतं. आता कुठल्याही कागदावर, कुठल्याही काउंटरवर तो शब्द येणार नव्हता. दौंडात सगळं आयुष्य गाड्यांच्या आवाजात गेलं. जंक्शनला इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. नवखा प्रवासी गाडी उलटी निघाली म्हणून घाबरतो आणि आम्ही त्याला ‘बसून राहा’ म्हणून सांगतो. वीस मैलांवरचं माहेर, पण जत्रेला मी कधी गेले नाही. आबा महिन्याकाठी भाजीची पिशवी घेऊन यायचे, चहा घ्यायचे, जायचे. त्यांना फाटकापर्यंत सोडताना दर वेळी माझ्या ओठांवर ते सातवीतलं यायचं, आणि दर वेळी मी ‘सावकाश जा’ एवढंच म्हणून माघारी फिरायचे.

“बाय, उतरायचं का मी एकटा जाऊ?” आबा म्हणाले आणि मी आठवणींतून पुन्हा गाडीत आले.

उतरलो. आत पत्र्याची उंच शेड, मधे मोठा हौदा, त्यात मुलींच्या चार-पाच जोड्या. भिंतीला मारुती, त्याच्यापुढं उदबत्ती. कडेच्या बाकावर मी आबांना बसवलं. आर्या आम्हाला बघून लांबूनच हसली. एक म्हातारे वस्ताद हौद्याच्या पलीकडं उभे होते. धोतर, बंडी आणि मान थोडी डावीकडं कललेली. त्यांनी आमच्याकडं बघून हात जोडले, पण ते सराव सोडून आले नाहीत.

आर्याची जोड तिच्यापेक्षा दांडगी होती. पोरीनं बघताबघता आर्याला खाली घेतलं, मान काखेत धरली आणि दाबायला लागली. आर्याचा चेहरा लाल झाला. तिनं हातानं माती थापटली आणि घुसमटलेल्या आवाजात ओरडली, “म्हस्कू!”

ती दांडगी पोरगी क्षणात बाजूला झाली.

मी काय ऐकायचं ते ऐकलं होतं. पुढचं मला दिसलंच नाही. ताडकन उठले. “ए आर्या, कुणाला म्हणतेस गं? इथं समोर कोण बसलंय, दिसत नाही तुला? आणि वस्ताद, तुम्ही तरी. पोरींना हेच शिकवता होय? या माणसानं उभा जन्म हे ऐकलं, आता इथं आणून पण ऐकवा!”

हौद्यातल्या जोड्या थांबल्या. माझा आवाज पोस्टात वीस वर्षं रांगा आवरून तयार झालेला, तो पत्र्यावर चांगलाच घुमला. आर्या माझ्याकडं बघत बसलेली, तोंड उघडं. वस्ताद सावकाश चालत आले. ते माझ्याकडं आले नाहीत. आधी आबांच्या पायांशी वाकले, मग ताठ होऊन माझ्याकडं वळले. त्यांची मान वळली नाही, सगळं अंग वळलं.

“तुमी लेक का ह्यांच्या?”

“हो.”

“मग बसा, ताई. पाणी घ्या. पोरी आमच्या शिवी देत न्हाईत.” त्यांनी हौद्याकडं हात केला. “ह्या मातीत ह्या नावावर हात सुटतो. श्वास अडकला, कुठं हाड दुखावलं, की एवढंच नाव घ्यायचं. कसाबी डाव बसलेला आसू द्या, कितीबी जिंकत आलेली आसू द्या. नाव ऐकूनबी जिनं हात सोडला न्हाई, तिला दुसऱ्या दिवशी हौद्यात पाय ठिवू देत न्हाई मी. तालीम काढली त्या दिवसाचा न्येम हाय हा.”

“पण हेच नाव का?” माझा आवाज अजून चढलेलाच होता.

“ही मान बघा की.” त्यांनी कललेल्या मानेवर बोट ठेवलं. “त्या जत्रंत ह्यांच्या गुडघ्याखाली मीच हुतो. आत काय तरी कट्ट वाजलं. एवढ्या गर्दीत दोघांनाच ऐकू आलं, मला आन् ह्यास्नी. आजून एक हिसका दिला आसता तर कुस्ती ह्यांची हुती, आन् मी कायमचा खाटंवर. ह्यांनी गुडघा काढला.”

मी आबांकडं बघितलं. त्यांचं लक्ष हौद्याकडं होतं, जणू आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलतोय.

वस्ताद पुढं म्हणाले, “फेटा माझ्या डोक्याला बांधला. मान हालत नव्हती, तसाच फेटा घालून मी मिरवलो. खरं तवाच सांगाया पायजे हुतं. न्हाई सांगितलं. पुढं सांगाया लागलो तर तवर तुमच्याकडं शब्द हून बसला हुता. शब्द काय एका माणसानं थांबतो व्हय? मग म्हनलं, आपल्या मातीत तरी ह्या नावाला त्याचं काम देऊ.” आणि ते पोरींकडं वळले. “चला गं, लावा पुन्हा. तमाशा न्हाई हितं.”

मी बाकावर बसले. आर्यानं तांब्या आणून दिला. पाणी प्यायले, निम्मं पदरावर सांडलं.

“आबा, तुम्हाला हे माहीत होतं?”

“व्हय. लई वर्सं झाली. हितली पोरं बाजारात भेटत्यात, पाया पडत्यात.”

“मग घरी कधी बोलला का नाहीत?”

“कुणी इचारलंच न्हाई.” त्यांनी घोंगडं मांडीवर नीट केलं. “तू तरी कवा इचारलंस?”

नव्हतं विचारलं. भित्रटासारखी लांब राहिले होते. आता नाही बोललं तर पुन्हा फाटकापर्यंत सोडून माघारी यायचं, हे मला लख्ख कळत होतं. म्हणून मी मातीकडं बघत म्हणाले, “आबा, मी सातवीत होते. वर्गात नवीन बाईंनी विचारलं, म्हस्कू म्हणजे काय. तर मी उभी राहिले आणि...”

“अर्ध्यात सोडून पळणारा,” आबा म्हणाले.

मी मातीवरची नजर उचलली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“शाळंचा शिपाई आपल्याच वस्तीवरचा. सांजंच्याला गुऱ्हाळावर येऊन सांगून गेला.”

“आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत.”

“काय बोलू? खरंच हुतं की. अर्ध्यात सोडलीच हुती म्या.” त्यांनी जरा विचार केला. “पळालो मातर न्हाई. चालत आलो. तेवढं तुझं चुकलं.”

आणि ते हसले. तो आवाज, खालून, पोटातून येणारा, मी किती वर्षांनी ऐकला कोण जाणे. मग म्हणाले, “म्हनलं, आसं काय बोलून आलेली पोर दिवसभर उपाशी आसंल. म्हणून काकवी आणली हुती.”

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, लग्नात राहिलेलं सगळं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. घोंगड्याचं टोक तेवढं माझ्याकडं सरकवलं. ते खरबरीत घोंगडं मी डोळ्यांना लावलं आणि त्याला तोच जुना वास होता, लोकरीचा, धुराचा, त्यांचा. माझ्या छातीवर कुणीतरी गुडघा ठेवून बसलं होतं, तो गुडघा आत्ता उठला, असं मला वाटलं.

निघायच्या वेळी वस्ताद पुन्हा आले. “ताई, पयल्यांदा आलाय. माती लावून जा कपाळाला. हितला रिवाज हाय, हौद्याच्या काठाला हुबं ऱ्हायचं, पुरं नाव सांगायचं आन् माती घ्यायची. पावणा आसू द्या न्हाईतर पैलवान.”

मी चपला काढल्या. काठावर उभी राहिले. पाय त्या गार, तेलकट मातीत थोडे रुतले. पस्तीस वर्षं मी पुरं नाव सांगत आले होते, काउंटरवर, दवाखान्यात, बँकेत, आणि प्रत्येक वेळी मधे नवऱ्याचं नाव येत होतं. नवरा भला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आज मी माझं नाव घेतलं आणि मधे ते घातलं जे हजेरीत असायचं.

“जरा मोठ्यांदा, ताई,” वस्ताद म्हणाले. “मारुतीला ऐकू जाऊ द्या.”

मग मी पोस्टातला आवाज लावला. माझं नाव, आणि त्याच्यापुढं, “म्हस्कू!” आडनाव तोंडातच राहिलं, कारण समोर हौद्यात सगळ्या जोड्यांचे हात सुटले होते. कुणाचा पट लागत आला होता, कुणाची पाठ टेकत आली होती, सगळ्या पोरी एकमेकींना सोडून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. आर्या या वेळी वर होती. त्या दांडग्या पोरीला तिनं जवळपास चीत केलं होतं.

“काय हो आत्याआजी,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “जिंकत आले होते ना मी.”

तरी तिनंच सगळ्यांत आधी हात सोडला होता. मी बघितलं होतं आणि बाकावरून आबांनीही बघितलं होतं. त्यांनी काळा चष्मा काढला आणि घोंगड्यानं डोळे पुसले, डॉक्टरांनी एवढं बजावलेलं असताना. मी त्यांना रागावले नाही.